धरणारा माणूस

आमच्या फेरो बेटांवर गवत घरांच्या छपरांवर उगवतं, फुटबॉलच्या मैदानावर उगवत नाही. छपरावर हिरवंगार, गुडघाभर. मैदानावर वाळू, खडी आणि खेळाडूंच्या कोपरांची सालं. वर्षानुवर्षं या व्यवस्थेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण १९९० साली आमच्या चिमुकल्या देशाला युरोपच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच घेतलं, आणि स्पर्धावाल्यांनी विचारलं, तुमचं गवताचं मैदान कुठाय? आता त्यांना छपरं कशी दाखवणार? शेवटी असं ठरलं की आमचा घरचा सामना आम्ही स्वीडनमध्ये खेळायचा. म्हणजे लग्न आपल्या मुलीचं आणि जेवणावळ तिसऱ्याच्या अंगणात, तशातली गत.

समोर होता ऑस्ट्रियाचा संघ. तो त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आलेला. आमचा संघ सुतारकामावरून, मासळीच्या कारखान्यातून आणि कचेऱ्यांतून रजा काढून आलेला. ते लोक दहा गोल मारणार अशी बोलवा होती. आमच्या हेल्लुविक गावातली आशावादी माणसं सात म्हणत.

बाल्दविन अशा आशावाद्यांपैकी होता. तो टपाल कचेरीत कारकून. अंगाने किरकोळ, चष्मा जाड, आणि स्वभाव असा की पाकिटावर तिकीट तिरकं लागलं तर त्याला जेवण जात नसे. पण गावच्या संघात तो वीसेक वर्षं होता. खेळाडू होता असं म्हणवत नाही. तो चेंडू धरायचा.

त्याचं असं की आमच्याकडे वारा. पेनल्टीसाठी चेंडू खुणेवर ठेवला आणि मारणारा चार पावलं मागे गेला की तेवढ्यात चेंडू समुद्राकडे निघालेला असतो. म्हणून आमच्याकडे एका माणसाने जमिनीवर पालथं पडून दोन बोटांनी चेंडू धरून ठेवायची मुभा आहे. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मारणारा धावत येतो, तेव्हा त्याच्या बुटाचं टोक आणि आपलं नाक यांत फारसं अंतर राहत नाही. तरी बोट हलवायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत. हे बाल्दविनला जमायचं.

पेनल्टी मारायचा त्याचा मेहुणा रोगवी. उंच, देखणा, मोठ्या आवाजाचा. गोल झाला की लोक रोगवीला खांद्यावर घ्यायचे आणि बाल्दविन उठून शर्टावरची वाळू झटकायचा. गावच्या सभागृहात रोगवीचा पेनल्टी मारतानाचा मोठा फोटो लावलाय. त्यात बाल्दविनची दोन बोटं आली आहेत.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात प्रार्थनेनंतरच्या कॉफीला सगळे जमले असताना कुणीतरी विचारलं, सामना बघायचा कुठे? गाव डोंगराच्या कुशीत, त्यामुळे टीव्हीवर माणसं कमी आणि मुंग्या जास्त दिसायच्या. बाल्दविनचं घर गावात सगळ्यांत वर, तिथून, जिच्यातून टीव्हीच्या लहरी येतात ती डोंगराची खिंड सरळ दिसायची. तरीही पहिला बोलला तो रोगवी.

"माझ्याकडे या. बाल्दविन येईल टीव्ही धरायला."

सगळे हसले. बाल्दविनही हसला, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. पण ते त्याला लागलं. त्याने कप बशीत ठेवला आणि कधी नव्हे तो चढ्या आवाजात म्हणाला, "सामना माझ्या घरी दिसेल. नवा अँटेना लावतोय मी. सगळं गाव या. मी माझ्या खुर्चीत पुढे बसणार, आणि त्या दिवशी हातात कॉफीच्या कपाशिवाय काही धरणार नाही."

त्याची बायको सुन्नेवा केकचे तुकडे वाटत होती. ती थबकली. "सगळं गाव? कुठे बसवणार आहेस, माझ्या डोक्यावर?"

"बसतील दाटीवाटीने."

"आणि बूट?"

बाल्दविनने बुटांचा विचार केलेला नव्हता. मोठी माणसं मोठं काही ठरवतात तेव्हा बुटांचा विचार करत नाहीत, आणि मग बायकांना फरशी पुसावी लागते.

अँटेना लावणं म्हणजे काय, एक खांब छपरावर उभा करायचा आणि एक वायर खाली आणायची. अर्ध्या दुपारचं काम. बाल्दविनने शेजाऱ्याची शिडी आणली, छपरावर चढला आणि पहारीने गवतात भोक पाडलं. आमची छपरं म्हणजे खाली फळ्या, त्यावर बर्च झाडाच्या सालीचा थर, त्यावर माती नि गवत. पाणी अडवते ती साल. हे इथे शाळेत जायच्या आधीच पोरांना ठाऊक असतं. बाल्दविनलाही ठाऊक होतं. पण माणूस पेटला की ठाऊक असलेल्या गोष्टी आधी विसरतो.

संध्याकाळी पाऊस आला. पाण्याला अख्खं घर मोकळं होतं, पण ते पडायला लागलं बरोबर बाल्दविनच्या खुर्चीत.

सुन्नेवाने खुर्चीत पातेलं ठेवलं. तिने आरडाओरडा केला असता तर बाल्दविनला बरं वाटलं असतं.

सकाळी शेजारचा हानुस आला. हानुस निवृत्त कोळी. आयुष्यभर समुद्रावर काढल्यामुळे जमिनीवरच्या सगळ्या विषयांत त्याचा सल्ला तयार असायचा. त्याने भोकात बोट घातलं, बोट हुंगलं आणि मान हलवली.

"डांबर ओत."

डांबर ओतलं. आता खुर्चीत काळं पाणी पडायला लागलं.

"जास्त झालं वाटतं," हानुस म्हणाला. "पण तुझा खरा घोळ निराळाच आहे. गवत. ओलं गवत लहरी खातं. जहाजावर आम्ही वायरलेसच्या जवळ ओली दोरीसुद्धा ठेवत नव्हतो. गवत कापायला हवं."

"विळा आहे माझ्याकडे."

"विळ्याने बुडखे राहतात. मेंढी चढव. माझी घेऊन जा, उपाशीच आहे."

कड्यांवरून मेंढ्या दोराने उतरवण्यात आमच्या लोकांचा हात धरणारा जगात कुणी नसेल. पण मेंढी दोराने वर चढवायची सवय कुणालाच नव्हती, मेंढीला तर नव्हतीच. वर बाल्दविन ओढतोय, खाली हानुस ढकलतोय, मध्ये मेंढी लटकलीय, आणि रस्त्यावर सगळा गाव उभा राहून आपापलं मत देतोय, असा तो सोहळा बराच वेळ चालला. रोगवी खिशात हात घालून बघत होता. "धरून ठेव बाल्दविन," तो म्हणाला. "तुला काय, सवय आहे."

मेंढी एकदाची वर गेली. तिने इकडेतिकडे पाहिलं, धुराड्याची ऊब हुडकली, तिथलं चार घास गवत खाल्लं आणि पाय पोटाशी घेऊन बसली. मग ती उतरायला तयार होईना.

भोक हानुसने शेवटी जुनी साल आणि मातीचा गोळा ठासून बुजवलं. तेव्हा असं ठरलं की खांब धुराड्यालाच बांधायचा. पण धुराड्याला म्हटल्यावर कुणीतरी कुजबुजलं की मंजुरी घ्यायला हवी. कायदा मोडायची भीती इथे फारशी कुणाला नाही, पण मालानबाईंची सगळ्यांना आहे. मालानबाई पंचायतीच्या चिटणीस. कचेरीत बसून त्या स्वेटर विणायच्या आणि डोळे वर न करता माणसाला नाही म्हणायच्या.

"गवताच्या छपरावर धुराड्यापेक्षा उंच काही उभारायचं तर पंचायतीची मंजुरी लागते," त्या म्हणाल्या.

"मग द्या ना मालानबाई."

"मी कोण देणारी? पंचायत देते."

"पंचायत कुठाय?"

मालानबाईंनी विणायच्या सुईने खिडकीबाहेर दाखवलं. दूर डोंगराच्या सोंडेवर काही ठिपके हलत होते. ते गावाचे पाचही पंच. शरदातल्या मेंढ्या हाकून आणायला गेलेले.

"मेंढ्या उतरल्या की पंचायत उतरेल."

"तोवर सामना होऊन जाईल हो."

"मग पुढच्या सामन्याला लाव. हरायला काय, पुष्कळ सामने मिळतील आता."

बाल्दविनचा चेहरा पडला. तो उभाच राहिला. जाईना. मालानबाईंनी एक ओळ पुरी केली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बाई कडक होत्या, पण सामना त्यांनाही बघायचा होता.

"हे बघ. उभारणं म्हणजे रोवणं, खिळणं, नाहीतर बांधणं. हातात धरलेल्या वस्तूला कुणी उभारलेलं म्हणत नाही. तू छपरावर छत्री घेऊन उभा राहिलास तर मी तुझ्याकडे मंजुरी मागेन का?"

"म्हणजे..."

"म्हणजे कुणीतरी धरून बसा. मला पुढची खुर्ची ठेव."

आता धरायचं कुणी, यावर बाल्दविनच्या घरात बैठक झाली. बैठकीत सगळे आपल्या बुटांकडे बघत होते. हानुसची कंबर, दुसऱ्याचे गुडघे, तिसऱ्याला उंचीवर चक्कर. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू बाल्दविनकडे वळल्या, जशा वारा सुटला की मैदानावर वळायच्या.

"मी नाही," बाल्दविन म्हणाला. "घर माझं, टीव्ही माझा. मी खुर्चीत बसणार."

"अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी," रोगवी मोठेपणाने म्हणाला. "पहिला भाग तू धर. त्यात त्यांचे गोल होणार, बघण्यासारखं काही नसेल. मध्यंतराला मी वर येतो. मग बस खुर्चीत. झालं?"

हे इतकं न्याय्य वाटलं की बाल्दविनने मान डोलावली. खुणाही ठरल्या. आतून हानुस झाडूच्या दांड्याने तक्तपोशीवर ठोकणार. एक ठोका म्हणजे चित्र छान. दोन ठोके म्हणजे चित्र गेलं, फिरव. शिडी जुनी होती, वाऱ्यात नाचायची, आणि ती पडली तर वरचा माणूस वरच राहणार, तेव्हा ती धरायला कुणीतरी असावं असंही ठरलं. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे मात्र ठरायचं राहिलं.

सामन्याच्या संध्याकाळी हवा नेहमीसारखीच होती, म्हणजे टोपी हाताने धरून चालावं लागत होतं. बाल्दविनने दोन स्वेटर घातले आणि तो चढला. खाली लोक येत होते. कुणी वाऱ्यावर सुकवलेलं मटण आणलं होतं, कुणी केक. ज्यांचे कर भरून झाले होते आणि म्हणून ज्यांना डेन्मार्कहून बीअर मागवायची परवानगी होती, अशा दोघांनी बीअर आणली होती, आणि त्या संध्याकाळी गावात त्यांच्याएवढे मित्र कुणालाच नव्हते. दाराशी सुन्नेवाचा आवाज येत होता. "बूट बाहेर. बूट बाहेर. पाद्रीबाबा, तुमचेही."

उभं राहवेना म्हणून बाल्दविन छपरावर पालथा पडला, एका बाजूने मेंढीला टेकला आणि दोन्ही हातांनी खांब धरला. दोन ठोके. त्याने खिंडीकडे फिरवला. दोन ठोके. आणखी जरा. एक ठोका. खाली घरभर हुश्श झालं. त्याला क्षणभर अभिमानही वाटला, आणि मग स्वतःचाच राग आला.

घरात सगळं गाव होतं, आणि घराचा मालक मेंढीबरोबर छपरावर. त्याला पडदा दिसत नव्हता, खेळ ऐकू येत नव्हता. वाऱ्यातून कधीमधी फक्त माणसांचा आवाज वर यायचा. एकदा सगळे मिळून "आऽऽ" करून ओरडले. बाल्दविनने मनात म्हटलं, झाला एक. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. दोन. मध्यंतरापर्यंत त्याच्या हिशोबाने ऑस्ट्रियाचे चार झाले होते. चार म्हणजे फार वाईट नाही, असं त्याने मेंढीला सांगितलं.

मध्यंतराला खिडकी उघडली. रोगवीचं डोकं बाहेर आलं. त्याच्या हातात मटण होतं.

"बाल्दविन, ऐक. आत सगळ्यांचं म्हणणं असं की तुझा हात बसलाय."

"तू वर येणार होतास."

"अरे येतो म्हणजे काय, आलोच असतो. पण मी धरलं आणि चित्र गेलं तर? गाव मला फाडून खाईल. तुझ्यासारखं कुणाला जमतं का धरायला? आम्ही नेहमी म्हणतोच."

"माझ्या खुर्चीत कोण बसलंय?"

रोगवी जरा घुटमळला. "तशी ओलीच आहे अजून," तो म्हणाला, आणि खिडकी लागली.

बाल्दविनला वाटलं, टाकावा खांब समुद्रात. गावाला मुंग्या बघू देत. बोटं सैल केलीसुद्धा त्याने. वाऱ्याने खांब लगेच हिसकला आणि खालून दोन ठोके आले, घाबरलेले. मग तिसऱ्याच कुठल्याशा माणसाची असावीत तशी बोटं आपोआप आवळली. वीस वर्षांच्या सवयीपुढे माणसाचा रागसुद्धा चालत नाही.

दुसरा भाग सुरू होऊन बराच वेळ झाला होता. बोटांना काही कळेनासं झालं होतं. एवढ्यात खालून ठोके आले. एक नाही, दोन नाही. धडाधड, वीस-पंचवीस, सगळी तक्तपोशी उखडेल असे. बाल्दविनच्या तोंडचं पाणी पळालं. दोन ठोके म्हणजे चित्र गेलं, तर इतके म्हणजे टीव्हीच पेटला की काय? त्याने जिवाच्या आकांताने खांब फिरवला. डावीकडे, उजवीकडे, समुद्राकडे, आइसलँडकडे. ठोके थांबले आणि आतून असा हंबरडा फुटला की मेंढी उठून उभी राहिली. मग दोन ठोके. पुन्हा दोन. बऱ्याच खटपटीनंतर खिंड सापडली आणि एक ठोका आला.

बाल्दविनने हिशोब केला. ठोक्यांचा एक, हंबरड्याचा एक. सहा झाले.

नंतर घर गप्प झालं. मधूनच कण्हल्यासारखे आवाज यायचे, मधूनच पाद्रीबाबांची प्रार्थना. उजेड ओसरत आला. बाल्दविनने गाल गवतावर टेकला आणि डोळे मात्र उघडे ठेवले.

आणि मग दार फुटल्यासारखं उघडलं. गाव बाहेर पडलं. पायात बूट नाहीत, नुसते मोजे. हानुस झाडू नाचवतोय. त्याची कंबर दुखत होती ती हीच. मालानबाईंनी पाद्रीबाबांचे दोन्ही हात धरलेत आणि दोघं उड्या मारतायत. रोगवी रडतोय. बाल्दविनला पहिल्यांदा वाटलं, घराला आग लागली. मग वाटलं, दहा न होता सहावरच थांबले म्हणून ही माणसं खूश झाली असतील. आपली माणसं थोडक्यात समाधान मानणारी.

"किती झाले?" तो ओरडला.

कुणी वर पाहिलं नाही. कुणीतरी हातात हात गुंफून साखळी धरली, साखळीचा नाच रस्त्याने उतारावर निघाला आणि गाणी म्हणत धक्क्याकडे गेला. बंदरातल्या सगळ्या होड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले. अंगणात उरले ते चिखलाचे बूट.

"किती झाले?" त्याने मेंढीला विचारलं.

"एक-शून्य," खालून आवाज आला. सुन्नेवाचा.

बाल्दविन सरपटत कडेला आला. "फक्त एक? मी तर सहा मोजले. म्हणजे मानाने हरलो म्हणायचं."

"जिंकलो."

"कोण?"

"आपण रे. आपण जिंकलो."

बाल्दविनच्या हातून खांब सुटला. तो छपरावरून घरंगळत कोबीच्या वाफ्यात पडला. वीस वर्षांत त्याने हातातलं काही सोडलं, ते एवढंच. आपण जिंकलो, असं तो पुटपुटला. मग त्याला कळलं की सगळ्या फेरो बेटांवर, दूरदूरच्या दीपगृहांसकट, हा गोल न पाहिलेला माणूस तो एकटाच असणार, आणि त्याने गाल पुन्हा गवतावर टेकला. आनंद होता की दुःख, कुणास ठाऊक. बहुधा दोन्ही असावं.

तो शिडी उतरायला लागला. वारा होताच, पण शिडी जागची हलली नाही.

"तू सांग," तो उतरता उतरता म्हणाला. "तू पाहिलास ना गोल? कसा झाला? डाव्या पायाने? गोलकीपर कुठल्या बाजूला पडला?"

"मला काय विचारतोस?"

"का? तू आत नव्हतीस?"

"शिडी कुणी धरली होती असं वाटलं तुला?"

बाल्दविन शेवटच्या पायरीवर थांबला. सुन्नेवा भिंतीला खांदा लावून उभी होती. दोन्ही हात शिडीच्या दांड्यांवर, केस वाऱ्याने विस्कटलेले, नाक लाल झालेलं. संध्याकाळपासून.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू खाली आला असतास. मग गावाने काय पाहिलं असतं? मुंग्या?"

बाल्दविन शेवटची पायरी उतरला. दोघं आत गेली. टीव्हीवर अर्थात मुंग्याच होत्या. तो गोल बहुधा पुन्हापुन्हा दाखवत असावेत, पण खांब कोबीत होता. घरभर बीअरच्या बाटल्या, केकचे चुरे आणि तक्तपोशीवर झाडूच्या दांड्याचे खळगे. बाल्दविन आपल्या खुर्चीत, अगदी पुढे, बसला. ओल कपड्यातून आत आली, तरी तो उठला नाही.

सुन्नेवाने कॉफी गरम करून आणली. त्याने हात पुढे केले, पण बोटं उघडेनात. खांब नव्हता तरी ती खांब धरल्यासारखीच राहिली होती.

"राहू दे," ती म्हणाली, आणि खुर्चीच्या हातावर बसून तिने कप त्याच्या तोंडाशी धरला.

छपरावर मेंढी ओरडत होती. तिला खाली कसं आणायचं, ते दोघांनी उद्यावर ठेवलं.